चौतीस पिनांची सोयरीक

फैजपूरचे लीलाधर नाना कुणाच्या दारात उभे राहिले, की त्या घरातली लग्नाची मुलगी आपोआप आरशासमोर जायची. जळगावात कुंदाच्या दुकानात ते आले तेव्हा कुंदाने फक्त सोल्डरिंग गन बाजूला ठेवली आणि "या" म्हणाली. त्या "या"मध्ये बसा, पाणी घ्या असलं काही नव्हतं.

नानांच्या एका हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा होता आणि काखेत धोतराच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं. डब्यात पोळ्या नव्हत्या. सव्वापाच इंची, काळ्या, लवलवत्या नऊ फ्लॉप्या होत्या. गाठोड्यात त्या वाचणारी ड्राइव्ह होती, विटेएवढी जड.

"कुंदा माय, माझी अब्रू आता तुझ्या हातात आहे," नाना म्हणाले.

कुंदाच्या मनात आलं, माझी आठ वर्षं तुमच्या हातात होती, त्यांचं काय केलंत? पण ती तोंडाने म्हणाली, "दाखवा."

नाना निवृत्त शिक्षक. समाजाच्या वधू-वरांची यादी ते तीस वर्षं ठेवत आले होते. नाव, जन्म, शिक्षण, मामकुळ, आजोळ, आणि शेवटी एक रकाना, शेरा. बाकीचं सगळं कुणीही विचारून लिहील, पण शेरा नानांचाच. "मुलगा निर्व्यसनी, तंबाखू वगळून." "सासू बोलते खूप, मनात काही ठेवत नाही." "घर मोठं, पण पाहुण्यांना चहा अर्धाच." यावलपासून जामनेरपर्यंत लोक पत्रिका नंतर बघत, आधी नानांना विचारत, शेरा काय?

नव्वद साली नानांनी कुठूनशी एक जुनी संगणकाची पेटी मिळवली आणि दीड वर्ष खपून सगळी यादी तिच्यात घातली. मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने. यादी पुरी झाली त्या दिवाळीला त्यांनी जुन्या सगळ्या वह्या पाणी तापवायच्या बंबात घातल्या. अख्ख्या घराचं अभ्यंगस्नान त्या वह्यांवर झालं. "आता कागदाचं राज्य संपलं," असं नाना त्या दिवशी गल्लीभर सांगत होते. आता अठ्ठ्याण्णवचा नोव्हेंबर होता, त्या पेटीचा मेन बोर्ड दसऱ्यानंतर लगेच जळला होता, रविवारी जळगावात वधू-वर मेळावा होता, आणि मंडळाने घेतलेल्या नव्याकोऱ्या संगणकात या मोठ्या फ्लॉप्या शिरायला जागाच नव्हती.

"मंडळाचा सेक्रेटरी रुपचंद काय म्हणतो माहीत आहे?" नाना म्हणाले. "म्हणतो, जुनं सोडा, नवे फॉर्म भरून घेऊ. तीन-तीन पिढ्यांची मामकुळं दोन दिवसांत कोण भरून देईल? अन् शेरे? ते काय फॉर्मात येतात?"

शेरे म्हटल्यावर कुंदाचे कान टवकारले.

तिची गोष्ट अशी, की नव्वद सालीच तिला बघायला जामनेरहून मंडळी आली होती. ती तेव्हा चोवीस वर्षांची. पोह्यांच्या बशा हातात गेल्या आणि वीज गेली. गल्लीत सगळीकडे होती, यांच्याच घरची गेली होती. वडील सुपडूभाऊ रेडिओ दुरुस्त करणारे, कुंदाला दुकानात हाताशी घेणारे, पण नेमके दही आणायला बाहेर गेलेले. कुंदाने पदर खोचला, स्टुलावर चढली, फ्यूजला तार गुंडाळली आणि खाली उतरून पुन्हा मान खाली घालून बसली. मंडळींनी पोहे संपवले, मुलगी दुकानात बसते का तेवढं विचारलं आणि गेली. त्यानंतर आठ वर्षांत तिच्या दारात एक माणूस फिरकला नाही. वडील गेले, रेडिओचं दुकान तिने आधी टीव्हीचं आणि मग संगणकाचं केलं, वय बत्तीस झालं. लग्न झालं नाही याचं आपल्याला काही वाटत नाही असं ती सांगायची, आणि पुष्कळदा ते खरंही असायचं. पण नानांनी आपल्यावर एक ओळ लिहिली, ती गावोगाव फिरली, आणि आपल्याला एकटीलाच ती ठाऊक नाही, हे तिला ठुसठुसत होतं. त्या ओळीत काय असेल याचे पन्नास मसुदे तिने मनात करून ठेवले होते. "मुलगी स्टुलावर चढते" हा त्यातल्या त्यात सौम्य.

आणि आता ती ओळ पोळ्यांच्या डब्यात, तिच्याच टेबलावर होती.

तिने ड्राइव्ह उलटी-पालटी केली. "नाना, हिच्या मागे ही बघा, चपटी जीभ आहे. जिभेवर दोन्ही बाजूंनी पितळी पट्ट्या. नव्या बोर्डाच्या केबलला असतात बारीक भोकं, ती पिनांवर बसतात. भोकात जीभ कशी जाईल?"

"मंग?"

"मध्ये अडॅप्टर लागेल. एका बाजूला भोकांसाठी पिना, दुसऱ्या बाजूला जिभेसाठी खाच."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे मध्यस्थ. आमच्यासारखा."

"तुमच्यासारखा नको," कुंदा म्हणाली. "हा इकडचं तिकडे जसंच्या तसं पोचवतो. जुनी केबल कुठंय? तिला खाचेचं सॉकेट असणार, ते कापून घेते."

नानांनी डोकं खाजवलं. ती रुंद, राखाडी पट्टी फार मजबूत होती, त्यामुळे त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, तिच्या उभ्या चिरफळ्या करून कारल्याचा वेल मांडवाला बांधला होता. वेल झकास चढला होता. टोकांची काळी टोपणं बोचतात म्हणून कापून उकिरड्यावर टाकली होती.

कुंदा त्यांच्याकडे बघत राहिली. हसू आवरायला तिला खाली पडलेला स्क्रू शोधावा लागला.

तिने गावातली चार दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानातल्या पोरसवद्या इंजिनियरने ती ड्राइव्ह पाहून "ही म्युझियमला द्या ताई" असा सल्ला दिला. घरी आई, बेबाबाई, चुलीवर वांगी भाजत बसली होती. नानांनी सोबत आणलेली बामणोदची वांगी होती, मोठी, हिरवी. आईने सगळं ऐकून घेतलं.

"मंग धुयाले जाय," आई म्हणाली. "तो अभिमन भंगारवाला तुह्या बापाले रेडिओचं सामान द्ये. त्याच्याजोय असंल."

"नानांसाठी मी एवढी पायपीट करू?"

"नानांसाठी कोन म्हन्ते? तुले जे वाचाचं हाये ते वाचाले जाय. माह्यापासून काय लपवतं व."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळच्या धुळ्याच्या एसटीने कुंदा निघाली. एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचेपर्यंत तिने मनातले मसुदे पुन्हा एकदा तपासले आणि त्यात दोन नव्यांची भर घातली.

अभिमनभाऊंचं दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रे आणि मध्ये डोंगर. फुटके पंखे, सायकलींच्या रिमा, टंकलेखन यंत्रांचे सांगाडे. भाऊ मधोमध खाटेवर बसून चहा पीत होते. कुंदाने कागदावर खाचेचं चित्र काढून दाखवलं.

"हाई? हाई शे ना," भाऊंनी मागच्या गोणीकडे हनुवटी केली. "एक हापीस बंद पडनं, तेन्हं बठ्ठं आठे येल शे. देख तुन्ही तू."

त्या बंद हापिसाचं सगळं सामान भरलेल्या गोणीत हात घालून कुंदाने तासभर उपसा केला. धूळ नाकात, ग्रीस कोपरापर्यंत. शेवटी तळाशी एक केबल सापडली, उंदरांनी मधोमध कुरतडलेली, पण टोकाचं सॉकेट शाबूत. तिने खाचेत डोकावून पाहिलं. आतले दात चकचकत होते. तिला इतका आनंद झाला, की तिने तो कुरतडलेला तुकडा ओढणीला पुसून थेट पर्समध्ये ठेवला.

"कसाले लागस तुले?" भाऊंनी विचारलं.

"वधू-वरांची जुनी यादी वाचायची आहे."

"तुन्हं नाव शे का तेमां?"

"आहे."

"मंग नीट जोड," भाऊ म्हणाले आणि चहाची दुसरी कपबशी तिच्यापुढे सरकवली.

शनिवारी सकाळी तिने ठिपक्यांच्या छोट्या बोर्डावर सतरा-सतराच्या दोन रांगांत चौतीस पिना बसवल्या आणि धुळ्याच्या केबलची एकेक तार एकेका पिनेला डागली. दोन तारांमध्ये तीळ मावेल एवढंही अंतर नव्हतं. विसाव्या तारेला आईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत आणून ठेवलं, ते चौतिसाव्या तारेनंतर थंड झाल्यावर तिने खाल्लं. अडॅप्टर दिसायला अगदीच गावठी झाला होता. पण मीटर लावून तपासला तेव्हा एकाही तारेने शेजारणीशी संधान बांधलं नव्हतं.

दुपारी ती मंडळाच्या कचेरीत पोचली. रुपचंदने टेबलावर नवा संगणक मांडून त्याला हार घातला होता. नाना शेजारी खुर्चीवर, डबा मांडीवर घेऊन. सुमनबाईंनी पाठवलेली कारली त्यांनी कुंदाच्या हातात दिली. तिने ती निमूटपणे पर्सशेजारी ठेवली.

"ताई, माझं म्हणणं असं," रुपचंदने सुरू केलं, "की तंत्रज्ञान हे पुढं जाणारं असतं, अन् आपण जर—"

"पंखा बंद करा," कुंदा म्हणाली. "झाकण उघडायचंय."

तिने पेटी उघडली, अडॅप्टर जोडला, ड्राइव्हला वीज दिली, सेटिंगमध्ये जाऊन बोर्डाला सांगितलं की बाबा, पाहुणी जुन्या मापाची आहे. नव्या बोर्डाला अजून जुनं माप आठवत होतं, हे नशीब. बटण दाबलं. ड्राइव्हचा लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला.

"चालू झालं," रुपचंद म्हणाला.

"उलटं झालं," कुंदा म्हणाली. "दिवा विझला नाही म्हणजे सॉकेट उलटं बसलंय." तिने वीज बंद करून खाच फिरवून बसवली. या वेळी दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, आतून कर्र कर्र आवाज आला, आणि पडद्यावर उत्तर आलं, काही वाचता येत नाही. दुसरी फ्लॉपी, तेच. तिसरी, तेच. रुपचंदने नव्या फॉर्मांचा गठ्ठा हळूच टेबलावर आणून ठेवला. नानांनी त्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले. इतका वेळ ते काहीतरी पुटपुटत होते, बहुधा रामरक्षा.

कुंदाला नानांची कीव आली नाही. तिला स्वतःचीच भीती वाटली. ही ओळ आता कायमची जाणार, आणि उरलेलं आयुष्य आपण पन्नास मसुदे उगाळत बसणार.

तिने ड्राइव्ह काढून खिडकीपाशी उजेडात नेली. चपट्या जिभेच्या मुळाशी, पितळी पट्ट्यांच्या अर्ध्या लांबीवर, काहीतरी तांबूस-पिवळं, खडखडीत वाळलेलं थर धरून बसलं होतं. तिने नखाने खरवडलं. वास घेतला.

"नाना, हे हळद-कुंकू आहे?"

"दसऱ्याचं," नाना म्हणाले. "दरवर्षी करतो."

"मशीनच्या आत?"

"मंग कुठी? पंपाची पूजा करतो तेव्हा मोटरीलेच लावतो ना, वरच्या खोपटाले थोडीच लावतो. झाकण काढून, ज्या अंगाने काम होते त्या अंगाले बोट लावायचं." नाना जरा दुखावले होते. "आठ वर्षांत कधी खोळंबा झाला नाही."

खोळंबा झाला नव्हता, कारण जुनं सॉकेट जिभेवर पहिल्यापासून घट्ट बसलेलं होतं आणि नानांचं बोट त्याच्या कडेशी पोचायचं. आता सॉकेट नवं, त्याचे दात दोन दोऱ्यांएवढे मागे, बरोबर हळदीत रुतत होते. कुंदाने टाचणीने खाचेच्या फटीतून एक अक्षतही काढली. मग नानांच्याच खिशातलं पेन्सिलीचं रबर मागून घेतलं आणि एकेक पट्टी घासत बसली. नाना पाय वर घेऊन बघत होते. कुणी आपल्या देवाला आंघोळ घालताना बघावं तसे.

पुन्हा जोडलं. दिवा लागला, विझला. कर्र कर्र. आणि पडद्यावर नावं वर सरकू लागली. फैजपूर, सावदा, यावल, शेकड्यांनी.

नानांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले, उघडपणे, लपवाछपवी न करता. रुपचंदने फॉर्मांचा गठ्ठा पुन्हा कपाटात ठेवला आणि "मी म्हटलंच होतं" असं काहीतरी बोलू लागला.

"एकेक फ्लॉपी नव्या डिस्कवर उतरवते," कुंदा म्हणाली. "पण नीट उतरली का ते उघडून बघावं लागेल." यातलं दुसरं वाक्य अगदीच खोटं नव्हतं.

जामनेरच्या फ्लॉपीत रुपचंदचंच नाव निघालं, एक्क्याण्णवचं. शेरा: "मुलगा कष्टाळू. ऐकणारी बायको मिळाल्यास सुखी होईल, कारण बोलतो फार." रुपचंदने वाचलं आणि तो बाहेर चहा सांगायला गेला.

मग जळगावची फ्लॉपी. कुंदाने यादी खाली नेली. नाव आलं. कुंदा सुपडू बोंडे. जन्म, शिक्षण, मामकुळ, आजोळ. शेरा:

"मुलगी हुशार, हात सोन्याचे. दुकान सोड म्हणणारं स्थळ हिला कळवू नये."

आणि त्याखाली, तारखा घालून, सहा ओळी. जामनेर: दुकान बंद करावं लागेल म्हणाले, कळवलं नाही. सावदा: सून बाजारात बसलेली चालणार नाही, कळवलं नाही. धरणगाव: मुलगा शिक्षक, स्वभाव शांत, गातो चांगला, दुकानाचं लग्नानंतर बघू म्हणाला, कळवलं नाही. आणखी तीन.

तिने सहाही ओळी दोनदा वाचल्या. पन्नास मसुद्यांत हा नव्हता. आधी तिला वाटलं आपण हसणार आहोत, मग वाटलं रडणार आहोत, आणि प्रत्यक्षात ती भयंकर चिडली.

"सहा स्थळं आली होती?"

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तूच म्हणालीस." नाना शांतपणे म्हणाले. "ती जामनेरची मंडळी गेल्यावर मी विचारायला आलो, तर तू दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणालीस, दुकान सोडायला सांगणारा माणूस माझ्या दारात पुन्हा आणू नका. मी घरी जाऊन जसंच्या तसं लिहून घेतलं."

कुंदाला ते आठवलं नाही. पण ती तसं म्हणाली असणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. चोवीसची असताना ती दिवसातून चार वेळा असलं काही म्हणत असे.

"नाना, रागात म्हणाले असेन. पण आठ वर्षांत एकदा तरी पुन्हा विचारायचं. हा धरणगावचा, लग्नानंतर बघू म्हणाला. त्याला मी विचारलं असतं, बघू म्हणजे काय बघू? पटला नसता तर मीच नाही म्हटलं असतं. पण मी म्हटलं असतं. मी इथं बसून समजत राहिले, की मला कुणी विचारतच नाही. आठ वर्षं मी तुम्हाला शिव्या दिल्या, आणि आरशाला पण."

शिक्षकाला त्याची चूक दाखवली की तो आधी ती पुन्हा तपासतो, तसं नानांनी पडद्यावरचं सगळं पुन्हा वाचलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मले वाटलं, मी तुला सांभाळतो आहे."

ती त्यांच्यावर अजून रागावलेली होती, आणि "हात सोन्याचे" हे दोन शब्द तिला आयुष्यभर विसरता येणार नव्हते. दोन्ही एकाच वेळी. तिने कीबोर्ड पुढे ओढला, "कळवू नये" खोडलं आणि त्या जागी लिहिलं, "कळवावं. उत्तर मुलगी देईल."

"तारीख टाक," नाना म्हणाले.

तिने तारीख टाकली. जुनी ड्राइव्ह कर्र कर्र करून गप्प झाली.

नाना खुर्चीत चुळबुळले. त्यांनी डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "मंग आता सांगायलाच पाहिजे. मागच्या मंगळवारी एक स्थळ आलं होतं. सातवं. भुसावळचा, चौतीस वर्षांचा, रेल्वेत आहे. चुडामण राणेंचा मुलगा, मगन. दुकान चालू ठेवणार का, असं विचारत होता."

"मग?"

"मी नाही सांगून टाकलं."

कुंदाने टेबलावरचा मंडळाचा फोन उचलून नानांच्या पुढ्यात ठेवला. "लावा."

"आता? काय सांगू त्याले?"

"तुम्ही काही सांगू नका. नुसता लावून द्या."

नानांनी खिशातली डायरी काढली, नंबर बोटाने धरला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली तसा कुंदाने रिसीव्हर त्यांच्या हातातून घेतला. कुणीतरी "हॅलो" म्हणालं. पुरुषाचा आवाज, जरा घाईतला.

"मगनभाऊ? मी जळगावहून कुंदा बोंडे बोलते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या दुकानाबद्दल काही विचारलं होतं म्हणे. तो प्रश्न माझ्यापर्यंत आत्ताच पोचला. पुन्हा एकदा विचारा."